नळीने खाल्लेला श्वास

मित्रांनो, परळच्या एका मुलांच्या दवाखान्यात खिडकीपाशी अकरा वर्षं उभी आहे ती मी, श्वास देणारी जुनी मशीन. डॉक्टर मला व्हेंटिलेटर म्हणतात. माझ्या रूपावर जाऊ नका. एक चाक अडतं, एक बटण दोनदा दाबावं लागतं. पण ज्यांना आपला आपण श्वास घेता येत नव्हता अशी किती पोरं मी घरी पाठवली, ते विचारा. दर दसऱ्याला मला झेंडूची माळ घालतात. उगाच नाही घालत.

माझं काम ऐकायला सोपं. पोराच्या घशात बारीक नळी असते, तिला माझ्या दोन लांब नळ्या जोडतात. एकीतून मी मोजून हवा देते, दुसरीतून ती परत येते. किती गेली, किती आली, तो आकडा पडद्यावर दाखवते. तान्ह्या पोराचा एक श्वास म्हणजे अर्धी कटिंग चहा. त्यात थोडं कमी पडलं तरी पोर उपाशी.

आता माझी खोड सांगते, लपवणार नाही. मी हवा मोजते ती माझ्या दारात, पोराच्या तोंडाशी नाही. कंपनीने मला घडवलंच तसं. मधली नळी दाबाने फुगते आणि थोडी हवा स्वतःच ठेवून घेते. म्हणून नळी बदलली की माझी टेस्ट करायची असते. त्यात मला कळतं ही नळी किती खाते, मग तेवढी हवा मी वरून घालते.

गेल्या वर्षी क्षितिजा आली. चार महिन्यांची, पाच किलोची, छातीत न्यूमोनिया. डॉक्टर अनुजांनी तिला एका श्वासाला चाळीस मिली लावले. तिसऱ्या दिवशी सकाळी नळीत पाणी साठलं. लहान नळ्या धुवायला गेलेल्या, म्हणून सिस्टर संघमित्राने मोठ्या माणसांची जाड नळी जोडली. टेस्ट करायची तर पोरीला तेवढा वेळ हाताच्या फुग्याने श्वास द्यावा लागतो, आणि इकडे राउंड सुरू झालेला. "टेस्ट दुपारी करू," ती म्हणाली.

मी चाळीस दाखवत राहिले. नळीत अडकलेली हवा परत माझ्याच दारात यायची, तीही मी मोजायची. माझा आकडा चोख, पोरगी उपाशी.

दुपारी भेटीच्या वेळेला तिची आजी आली. मालनआजी. लालबागच्या डंकावर चाळीस उन्हाळे उभं राहून मसाला कुटून घेतलेली बाई. तिने माझ्याकडे बघितलंच नाही, नातीकडे बघितलं.

"सिस्टर, हिची छाती हलत नाय."

"आजी, मशीनवर बघा ना. चाळीस आहे. बरोबर आहे."

"मशीनला काय, बोलायला काय जातंय तिचं. काल छातीवरची ही वायर वरखाली होत होती. आज गप पडलीय."

"तुम्हाला यातलं नाही कळणार हो."

"नाय कळत. पण डंकात पाच किलो घातलं तर पाच किलो घरी येत नाय, एवढं कळतं. डंक आपला वाटा खातो. मी घालताना तोललेलं धरत नाय बाय, घरी आलेली पिशवी तोलते. हिच्या पिशवीत किती पडतंय ते बघ."

मला राग आला, मित्रांनो. माझी बरोबरी डंकाशी. पण शेजारच्या मॉनिटरवर ऑक्सिजन सत्त्याण्णववरून नव्वदवर आला होता. संघमित्राने तो बघितला आणि डॉक्टरांना हाक मारली.

अनुजांनी पोरीला माझ्यापासून सोडवून हाताने फुगा दाबला. छाती लगेच उचलली. मग त्यांनी जाड नळी बोटांत धरली.

"टेस्ट केली होती?"

"नाही मॅडम. राहिली." संघमित्राने सबब सांगितली नाही. हे मी तिच्यासाठी मुद्दाम सांगते.

अनुजांनी पोरीच्या तोंडाशी एक छोटा सेन्सर लावला आणि मला एकदा जोडून बघितलं. पडद्यावर चाळीस, तोंडाशी बावीस. अकरा वर्षांत मला कोणी असं तोंडावर पाडलं नव्हतं. शेजारच्या वॉर्डातून लहान नळी आली, टेस्ट झाली. मग तोंडाशीही चाळीस आले आणि ती वायर वरखाली होऊ लागली.

आजीने माझ्या अंगावर बोट वाजवलं. "आता खरं बोललीस."

क्षितिजा अकराव्या दिवशी घरी गेली.

आता शेजारी नवी मशीन आली आहे, ती तोंडाशीच मोजते. मला मोडीत काढायचं बोलणं चालतं. काढाल तेव्हा काढा, तोवर मी हटणार नाही. फक्त नळी बदलली की टेस्ट करा, आणि माझा आकडा वाचायच्या आधी पोराची छाती बघा.

यंदा दसऱ्याला संघमित्रा माळ घेऊन आली. पुढच्या पोरासाठी नवी नळी लावलेली होती. तिने माळ खुर्चीवर ठेवली आणि आधी टेस्ट केली. मग मी ताठ उभी राहून माळ घालून घेतली.