तो येतो

“इथंच थांबवा जीप,” मादाम वाल्मीकला म्हणाल्या.

धरणाकाठच्या या वाडीवरून जीप नुसती पुढं निघून जावी, असं तो पौडपासून मनातल्या मनात घोकत होता. समोरच्या अंगणात गोवऱ्या थापत बसलेली बाई त्याची आई होती.

साठ-एकसष्ट सालचे दिवस. पुण्यात दिवसा कारकुनी आणि संध्याकाळी फ्रेंचचे वर्ग करत करत वाल्मीक दुभाषी झाला होता. खेड्यातल्या बायकांचं जगणं अभ्यासायला आलेल्या या मादामनी पहिल्याच दिवशी घरचं विचारलं, तेव्हा तो बोलून गेला होता, “वडील वकील होते. आता कोणी नाही.”

दोघं उतरून अगदी पुढ्यात आली तेव्हा गोजराबाईनं डोळे बारीक करून वर पाहिलं. तोंडभर हसली. “आरं माज्या—”

“बाई,” वाल्मीक घाईनं म्हणाला, “या मादाम फ्रान्सहून आल्यात. तुम्हाला जरा विचारायचंय.”

जन्मात त्यानं आईला ‘तू’खेरीज काही म्हटलं नव्हतं. गोजराबाईचं हसू जागच्या जागी थांबलं. बादली चाचपून शोधत तिनं शेणाचे हात धुतले.

“इचारा की,” ती म्हणाली.

मादाम फ्रेंचमध्ये विचारू लागल्या, वाल्मीक मराठीत सांगू लागला.

“मुलंबाळं?”

“हाय येक ल्योक. पुन्यात असतुया.”

“येतो का भेटायला?”

“येतो की.”

दोन दिवाळ्या वाल्मीक घरी फिरकला नव्हता. मराठीत ‘येतो’ म्हटलं की भागतं. कोण, ते बोलावं लागत नाही. फ्रेंचमध्ये कर्त्याशिवाय क्रियापद उभंच राहत नाही. त्याला ‘इल’ म्हणावंच लागलं. तो. स्वतःच्याच तोंडानं वाल्मीक स्वतःला म्हणाला, तो येतो.

“तुम्ही एकट्या राहता, डोळ्यांना कमी दिसतं, हे त्याला माहीत आहे?”

“ठावं हाय.”

काय ठाऊक आहे, ते तिनं सोडून दिलं. फ्रेंचमध्ये तसं सोडून दिलेलं बरं दिसत नाही. एक इवलासा ‘ल’ घालतात, आणि तो अख्ख्या वाक्याच्या जागी बसतो. वर्गात हे कळलं तेव्हा त्याला केवढी मौज वाटली होती! आता त्या ‘ल’मध्ये आईचं एकटेपण मावलं, तिचे डोळे मावले, चुकवलेल्या दिवाळ्या मावल्या.

“इल ल से,” तो कसाबसा म्हणाला. त्याला ते ठाऊक आहे.

“निष्ठुर दिसतो मुलगा,” मादाम म्हणाल्या. हे काही त्यानं आईला सांगितलं नाही.

निघताना गोजराबाई जीपपर्यंत आली. अगदी जवळ येऊन त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

“लई वाळलात, सायेब,” ती हळूच म्हणाली. “येळंवर जेवत जावा.”

जीप सुटल्यावर मादामनी विचारलं, “शेवटी काय म्हणाली ती?”

“रस्ता खराब आहे, जपून जा, म्हणाली.”

मादामनी बाहेर पाहिलं. रस्ता गेल्याच वर्षी डांबरी झाला होता.