पानी म्हणू नको

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. माझं पोटच त्या पायरीवर चालतं, तेव्हा शहाणपण माझ्याकडे बेताचंच. राग मात्र भरपूर. चर्चच्या हॉलमध्ये आम्ही काही वकील बाहेरगावच्या कामगारांना फुकट सल्ला देतो, तिथे तो कामी येतो.

नूरसलाम पश्चिम बंगालमधल्या मुर्शिदाबादचा. पाचूबंदरला आमच्या शेजारच्या ॲन्सेल्मकाकांच्या बोटीवर कित्येक वर्षं खलाशी. तुळिंजच्या बाजारात बायकोशी फोनवर बंगालीत बोलत होता, तेवढ्यावर पोलिसांनी त्याला बांगलादेशी म्हणून उचललं. आधार दाखवलं तर म्हणे, ते काय कुणीही काढतं. गावाकडून पडताळणीचं उत्तर अजून आलं नव्हतं. आज पोलीस ठाण्यातल्या साहेबांची खात्री पटली नाही, तर उद्या त्याला विमानाने सीमेवर नेऊन पलीकडे ढकलणार होते. पलीकडे त्याचं कुणीही नाही.

काकांना मी धीर दिला होता, की तो आपल्यासारखाच बोलतो, साहेबांना कळेल. खोटं नव्हतं ते. बोटीवर राहून त्याची भाषा पक्की कोळ्याची झाली होती. आम्ही घरात पाण्याला पानीच म्हणतो, तोही तेच म्हणायचा. कॉलेजात सगळे हसले तेव्हा मी घोटून घोटून ‘ण’ कमावला. त्याला कधी गरज पडली नाही.

साहेब देशावरचे, बोलायला मऊ. त्यांनी नूरला समोर बसवून गाव विचारलं, बापाचं नाव विचारलं. तो नीट सांगत होता. मग त्यांनी सहज विचारलं, तहान लागली तर घरी काय मागतोस?

नूरने दारात उभ्या असलेल्या काकांकडे पाहिलं आणि म्हणाला, “जल.”

साहेबांनी पेन खाली ठेवलं.

“मॅडम, मुर्शिदाबादचे मुसलमान पानीच म्हणतात, हे मलाही माहीत आहे. हा पानी म्हणाला असता तर मी पुढे गेलो असतो. याला जल कोणी पढवलं? आणि लपवायचं काही नसेल तर पढवलं कशाला?”

मी काही बोलायच्या आत काका पुढे आले.

“मीच सांगला, साहेब. लोक बोलतात, बंगाली मानूस पानी बोलला का बांगलादेशी, जल बोलला का आपला. काल डबा घेऊन आलो तवा सांगला, पानी नको बोलू.”

करायला गेलो गणपती अन् झाला मारुती, ही म्हण आम्हा ख्रिस्ती लोकांनाही ठाऊक आहे. मी भांडले. गावाकडचं उत्तर येईपर्यंत थांबा म्हणाले, हायकोर्टात जाईन म्हणाले. साहेब म्हणाले, जरूर जा. पण शेरा त्यांनी लिहिला: पढवलेली उत्तरे देतो. मला त्या पेनाचा इतका राग आला की हात मागे बांधून उभी राहिले.

नूरला बाहेर नेताना तो काकांपाशी थांबला. काय झालं ते त्याला अजून कळलंच नव्हतं.

“तांडेल,” बोटीच्या मालकाला रोज मारायचा त्याच हाकेने त्याने विचारलं, “बरोबर बोललो ना मी?”

काकांनी मान हलवली. बरोबर बोललास म्हणून.

गाडी गेली. मी अर्जासाठी फोन लावत होते आणि काका बाकावर बसून होते. समोरून एक शिपाई चालला होता, त्याला त्यांनी हात जोडले. सात पिढ्यांची बोट असलेला, पाचूबंदरच्या विहिरीवर वाढलेला माणूस.

“साहेब, थोडा जल भेटंल काय?”

शिपायाला समजेना. मी फोन कानावरून काढला. कमावलेला ‘ण’ माझ्या तोंडातून आपोआप गळून पडला.

“काका, पानी बोला. आपला पानीच हाय.”

त्यांनी आधी साहेबांच्या दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“नको, बाय,” ते हळूच म्हणाले. “जल.”