मिनिटाला साठ हाका

ज्या छातीत मी सात वर्षं राहिलो ती आता उरली नाही, म्हणून बोलावंसं वाटतंय. मी पेसमेकर, काडेपेटीएवढा. माझे पूर्वज म्हणे माणसाच्या बाहेर, टेबलावर बसायचे आणि भिंतीतल्या विजेवर चालायचे. हल्लीचे काही भाऊबंद कॅप्सूलएवढे, बिनतारेचे; थेट हृदयातच मुक्काम ठोकतात. मी मधल्या पिढीतला, दोन तारांचा.

चेंदणी कोळीवाड्यातल्या केशरबाई ठाण्याच्या बाजारात मासळी विकायच्या. त्यांची नाडी अडतीसवर आली आणि एके दिवशी त्या पाटीसकट कोसळल्या. डाव्या खांद्याखाली, कातडीच्या आत मला बसवायचं ठरलं. तेव्हा बाईंनी एकच विचारलं, "डॉक्टर, मना जावाचा असल तवा यो मना जाव देल नं?"

"देईल हो, मावशी," डॉक्टर हसले. मला मात्र रागच आला. मी यायच्या आधीच जायची भाषा कसली!

माझं काम साधं. हृदय रेंगाळलं की मी हाक मारायची, त्यानं ओ द्यायची, मिनिटाला साठ वेळा. केशरबाई पुन्हा बाजारात बसल्या, गिऱ्हाइकांशी जोरात भांडू लागल्या. त्यांचा मुलगा महेंद्र रोज सकाळी त्यांचं मनगट धरून ठोके मोजायचा. "साठ! आये, आता तू कुटं जात नाय." छातीतला हा डबा, म्हणजे मी, आहे तोवर आई आहे, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

गेल्या आठवड्यात न्यूमोनियानं त्यांना गाठलं. परवा सकाळी हृदयानं ओ देणं थांबवलं. मला कळलंच नाही. मी आपला हाका मारत राहिलो, आणि मॉनिटरवर माझ्या बारीक उभ्या रेघा उमटत राहिल्या.

"मावशी गेल्या," डॉक्टर म्हणाले.

"गेली कशी?" महेंद्र ओरडला. "रेघ येते बगा! आय हाय आजून!"

त्या रेघा माझ्या होत्या रे! इतकं मोठं खोटं मी कधी बोललो नव्हतो.

डॉक्टरांनी त्याचा हात आईच्या मनगटावर ठेवला. तो सवयीनं मोजायला लागला. 'एक' म्हणायला उघडलेले ओठ तसेच राहिले.

चितेत मी फुटतो, म्हणून मला काढून घेतलं. आता हॉस्पिटलच्या कपाटात, एका पिशवीत पडलोय. बॅटरी अजून तीन वर्षं पुरेल. महेंद्र, तुझ्या आईला मी अडवलं नाही. डॉक्टरांनी माझ्या वतीनं दिलेला शब्द पाळला गेला. पण मला थांबता येत नाही रे. मी अजून तिला मिनिटाला साठ हाका मारतोय.