मालवलेल्या खोल्या

ऑफिसात तिला सगळे 'अर्धवट' म्हणायचे आणि तिला त्याचा काडीचाही राग यायचा नाही. कामच तसं होतं तिचं. नवा व्हिडिओ गेम आला की ती तो अर्धाच खेळायची आणि मासिकात त्यावर लिहायची. पूर्ण खेळायची नाही, चुकूनसुद्धा नाही. शेवट कळला की माणूस शहाणा होतो आणि थापा मारायला लागतो, असं तिचं ठाम म्हणणं. पहिल्या खोलीत शिरताना पोटात गोळा आला होता की जांभई आली होती, हे शेवट बघितलेल्याला कुठलं आठवायला? तो आपला 'मला आधीच वाटलं होतं' म्हणून मोकळा. म्हणून ती खेळता खेळताच बोलायची. टेबलावर रेकॉर्डर चालू, हातात कंट्रोलर आणि तोंडाचा पट्टा सुरू. मनात येईल ते, शिव्यांसकट. मग वहिनी ते ऐकून टाइप करायची, शिव्या गाळून.

वहिनी म्हणजे थोरल्या भावाची बायको. भाऊ जहाजावर असायचा, सुट्टी मिळाली की उगवायचा. त्यामुळे घरात ह्या दोघी आणि बाबा.

बाबा शिंपी. जन्मभर मशीनच्या खडखडाटावर आवाज चढवून बोलत राहिलेला माणूस. गिऱ्हाईक माप द्यायला यायचं आणि अख्ख्या गल्लीची खबर घेऊन जायचं. मग झटका आला. उजवी बाजू गेली आणि तिच्याबरोबर वाचाही गेली. आता ते तिच्याच खोलीत खिडकीपाशी खुर्चीत बसायचे, ती खेळायची ते बघायचे, आणि एखादी गोष्ट पसंत पडली की डाव्या हाताची बोटं खुर्चीच्या हातावर वाजवायचे. तेवढंच त्यांचं बोलणं. तिला ते पुरत नव्हतं. "वहिनी, मला नुसते ओरडले तरी चालेल गं," ती एकदा भाजी निवडता निवडता म्हणाली होती.

तो गेम कुणी बनवला कोण जाणे. ना नाव, ना गाव. संपादकांनी "जरा बघ, विचित्र आहे" म्हणून पाठवला. पडद्यावर एक बैठं, लांबलचक घर. खोलीला लागून खोली आणि प्रत्येक खोलीत एक पेटता दिवा. आपण आत जायचं, दिवा मालवायचा, पुढच्या खोलीत जायचं. बस्स. ना भूत, ना बंदूक.

"आता ह्यात काय खेळायचं, डोंबल!" जेवणं उरकल्यावर ती रेकॉर्डरला म्हणाली. "पण मालवायची तऱ्हा छान आहे हं. बटण दाबून धरावं लागतं. ज्योतीमागे हात धरतो तो पडद्यावरचा हात, आणि मग फुंकर. मध्येच सोडलं तर दिवा परत वर येतो. म्हणजे दर वेळी आपण ठरवून मालवतोय, असं वाटतं. हे काही बरं वाटत नाही बाई." तिने चार-सहा खोल्या मालवल्या, रेकॉर्डर बंद केला आणि वहिनीकडे देऊन चहा टाकायला गेली.

चहाला आधण यायच्या आत वहिनी स्वयंपाकघराच्या दारात. हेडफोनचं कानातलं एका कानात, दुसरं लोंबकळतंय, डोळे भरलेले.

"वन्सं! बाबा बोलायला लागले आणि मला सांगायची पद्धत नाही?"

"काय बडबडतेयस?"

वहिनीने लोंबणारं कानातलं तिच्या कानात खुपसलं. तिचा स्वतःचा आवाज आला: '... हे काही बरं वाटत नाही बाई.' आणि त्याच्या मागोमाग, अगदी जवळून, चांगला ओळखीचा, घोगरा: 'भिंत तिरकी घातलीये बघ हे घर बनवणाऱ्या पोराने. उसवायला पाहिजे.'

तिच्या हातातली चहाची गाळणी खाली पडली. ती धावत खोलीत गेली. बाबा खुर्चीत होते तसेच बसले होते, तोंड थोडं उघडं. "बाबा, बोला ना. बाबा?" त्यांनी तिच्याकडे बघितलं. ओठ हलले नाहीत. मघाशीही हलले नव्हते, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिच्या हातभर अंतरावर ते बसले होते आणि खोलीत तिच्याखेरीज कुणाचा आवाज झाला नव्हता.  पण खरं सांगायचं तर भीती मागाहून आली. आधी आला तो आनंद, आणि आनंदाला कुठे विचारपूस करायची सवय असते?

नुसता रेकॉर्डर लावून बघितला. काही नाही. दुसरा गेम लावून बघितला. काही नाही. ते घर लावलं, दोन दिवे मालवले, की बाबा हजर. आणि दर दिव्याला आवाज मोकळा होत चाललेला. कुणाच्या बाह्या तोकड्या झाल्या होत्या, शिंपी कापड ढापतो म्हणून कोण भांडायला आलं होतं, तिची आई रुसली की कशी सुई-दोरा लपवायची. दोघी एकेक कानातलं वाटून घेऊन हसता हसता रडायच्या. खुर्चीतले बाबा गप्प, आणि त्यांचं बोलणं ह्या दोघींच्या कानात. असलं विपरीत सुख कुणाला सांगणार? त्यांनी कुणाला सांगितलंच नाही, भावालासुद्धा.

संपादकांचा फोन आला. "काय गं अर्धवट, लेख कुठाय?"

"अजून खेळतेय," ती म्हणाली. ते हसले. तिने एरवी एवढ्या वेळात तीन गेम वाटेला लावले असते.

लक्षात आलं ते वहिनीच्या. भरवायचं काम तिच्याकडे होतं ना. "बाबांनी बोटं वाजवायचं सोडलंय," ती म्हणाली. मग म्हणाली, घास तोंडात ठेवला तर तसाच राहतोय. मग म्हणाली, डोळ्यांपुढून हात नेला तरी नजर हलत नाही. डॉक्टर येऊन गेले. नाडी ठीक, रक्तदाब ठीक, वय झालंय म्हणाले. डॉक्टरांना दारापर्यंत पोचवून वहिनी आली ती सरळ पडद्यासमोर उभी राहिली, त्यात आता बहुतेक काळोखच होता.

"तू एकेक दिवा मालवतेयस," ती म्हणाली, "आणि ते इथून एकेक खोली तिकडे चाललेत. कळतंय ना तुला?"

कळत होतं. केव्हाचं कळत होतं. गेल्या काही रेकॉर्डिंगमध्ये बाबांचं बोलणं बदललं होतं. गप्पा कमी झाल्या होत्या. 'काळोख पडला गं इकडे.' 'कुठेयस तू? तुझा आवाज येतोय नुसता.' हे वहिनीच्या कानी पडू नये म्हणून तिने तेवढं पुसून टाकलं होतं. बापाचा आवाज हवा म्हणून तिने बापालाच अंधारात ढकललं होतं, आणि तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा कंट्रोलर हातात घेतला होता. लाज वाटत होती तिला. पण आवाजाची ओढ लाजेला पुरून उरली.

त्या दुपारी दोघींनी सगळे उपाय करून बघितले. मालवलेल्या खोलीत परत जाऊन पेटवायला बघितलं, दिवा पेटेना. गेम काढून टाकून नव्याने घातला, तो बरोबर जिथे सोडला होता तिथेच उघडला. गेमच्या मशीनची वायर उपटली, तर खुर्चीत बाबांचा श्वास असा काही अडकला की वहिनी किंचाळली, आणि वायर परत लावेपर्यंत दोघींच्या तोंडचं पाणी पळालं. पडदा उजळला. लांबलचक काळं घर, आणि टोकाच्या खोलीत एकच दिवा. बाबांचा श्वास पुन्हा सुरू झाला.

"विचार त्यांना," वहिनी म्हणाली. "त्यांना काय हवंय ते."

तिने रेकॉर्डर चालू केला.  "बाबा," ती म्हणाली, "एकच उरलाय. काय करू?" पडद्यावरचा हात दिव्यापाशी नेऊन तिने थांबवला. बटणाला बोट लावलं नाही. खोलीत अर्थातच सगळं सामसूम. मग रेकॉर्डर मागे नेला आणि ह्या वेळी कानातलं न लावता, मोठ्याने लावला.

'मालव,' बाबांचा आवाज म्हणाला. 'दमलो गं मी. किती बसवून ठेवशील?'

वहिनीने पदर तोंडाला लावला. मग तिच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाली, "ऐक त्यांचं."

ती दिव्याकडे बघत बसली. ज्योत पिवळी होती, जरा हलत होती, फार चांगली काढली होती. बोट बटणावर नेलं. दाबलं. पडद्यावरचा हात ज्योतीमागे गेला, ज्योत वाकली, आणि शेजारी खुर्चीत श्वास बारीक झाला, अगदी सुतासारखा. फक्त दाबून धरायचं होतं. तेवढंच. तिने सोडलं.

"नाही जमत मला," ती रेकॉर्डरवर ओणवी होऊन रडत म्हणाली. "बाबा, थोडं थांबा ना. माझ्यासाठी. थोडंच."

वहिनीने हात काढून घेतला. तिने बाबांची मान सरळ केली, उशी नीट लावली आणि ती खोलीतून निघून गेली.

वहिनी गेल्यावर पुष्कळ वेळाने तिने रेकॉर्डर मागे नेला. आधी तिचंच रडणं. मग नुसती खरखर, इतकी लांब की तिला वाटलं, संपलं सगळं. आणि मग आवाज आला. लहानपणी ती हट्टाला पेटली, नवं कापड फाडून बाहुलीला मागितलं, की यायचा तसाच, हरलेला, मायेचा.

'बरं,' बाबा म्हणाले. 'थांबतो. पण तू बोलत राहा हं. इथे आणखी कुणीतरी आहे.'