तीनदा वाचायचा उतारा

पाळकाने उतारा दुसऱ्यांदा वाचायला घेतला आणि वाचता वाचता त्याची नजर पुन्हा कोपऱ्यातल्या खुर्चीकडे गेली. खुर्चीतला म्हातारा डोळे मिटून बसला होता. झोपला नव्हता, कारण झोपलेल्या माणसाची मान इतकी ताठ राहत नाही. तो ऐकत होता. एकेक शब्द उचलून खिशात टाकावा, तसा ऐकत होता. कुणासाठी, हाच काय तो प्रश्न होता.

शुक्रवार संध्याकाळचा हा वाचनगट पाळकाचं लाडकं अपत्य. चर्चने त्याला तरुणांचा पाळक म्हणून एका वर्षासाठी घेतलं, तेव्हा गाणी, खेळ आणि सहली एवढीच त्याच्याकडून अपेक्षा होती. ते सगळं त्याने केलं, पण त्याचा जीव होता तो वाचनात. पद्धत साधी होती. शास्त्रातला लहानसा उतारा हळू वाचायचा आणि गप्प बसायचं. पुन्हा वाचायचा, पुन्हा गप्प. तिसऱ्यांदा वाचून झाला की गोलातल्या प्रत्येकाने मनात अडकलेला एकच शब्द सांगायचा. का अडकला ते कुणी विचारायचं नाही, शहाणपण तर अजिबात शिकवायचं नाही. ज्याला सांगायचं नसेल त्याने नुसता हात शेजाऱ्याकडे करायचा. वाचणाऱ्याची पाळी मात्र येत नसे. रीतच तशी होती आणि पाळकाच्या ती चांगलीच पथ्यावर पडली होती.

पोरांना आधी या शांततेत हसू फुटायचं. मग हळूहळू ती रमली. परीक्षेत नापास झालेला, नोकरीत बोलणी खाऊन आलेली, सगळी त्या शांततेत जरा सैल व्हायची. आणि अशातच एका शुक्रवारी हा पांढऱ्या केसांचा माणूस आला, भिंतीशी ठेवलेली घडीची खुर्ची स्वतः उघडून कोपऱ्यात बसला. पोरांनी लगेच नाव ठेवलं, कोपराकाका. पाळकाने जवळ जाऊन चौकशी केली तेव्हा काका छातीवर हात ठेवून गोड हसले. नाव सांगितलं नाही, गाव सांगितलं नाही. शब्द सांगायची पाळी आली की दर वेळी ओठ जरासे हलवायचे आणि हात शेजाऱ्याकडे करायचे.

पाळकाच्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती तेव्हाच. त्याचं वर्ष संपत आलं होतं. त्याला कायम करायचं की निरोप द्यायचा, हे चर्चची कमिटी ठरवणार होती. आधीच्या तरुण पाळकाला याच कमिटीने गोड बोलून वाटेला लावलं होतं. मग एकदा त्याने खिडकीतून पाहिलं, तर कोपराकाका चक्क कमिटीच्या अध्यक्षांच्या गाडीतून उतरत होते. अध्यक्षांनी हात हलवला, काकांनी मान डोलावली. यापुढे आणखी पुरावा तो कसला हवा होता?

घरी त्याने हे बायकोला सांगितलं. ती औषधाच्या दुकानात दिवसभर उभी राहून आली होती आणि पाय गरम पाण्यात सोडून बसली होती.

"अरे, म्हातारा माणूस आहे. बसतो बिचारा," ती म्हणाली.

"तरुणांच्या गटात? तोंडातून एक अक्षर न काढता?"

"तुला ना, आता दारातलं मांजरसुद्धा कमिटीने पाठवलंय असं वाटायला लागलंय."

त्याला राग आला, कारण त्या सकाळीच दारातल्या मांजराने त्याच्याकडे जरा रोखून पाहिलं होतं.

पुढचे शुक्रवार त्याने अंग चोरून काढले. अडचणीचे उतारे टाळले. पोरांपैकी कुणी खोल पाण्यातला प्रश्न विचारला, तर तो आधी कोपऱ्याकडे बघून मगच उत्तर द्यायचा. कृपा म्हणजे काय, हा तर त्याचा हातखंडा विषय. न कमावता मिळतं ते, लायकी बघून दिलं जात नाही ते, असं तो छान समजावून सांगायचा. सांगतानाही मनात हिशेब चालू असायचा, हे वाक्य तिकडे कसं पोचेल?

शेवटी त्याने सापळा लावला. वाचन संपल्यावर पोरं चहा पीत होती आणि काका आपली खुर्ची मिटत होते. त्यांना नीट ऐकू जाईल अशा बेताने पाळक म्हणाला, "देव सगळीकडे असतो हे मला मान्य आहे. पण आपल्या कमिटीच्या सभेला तो येत असेल, असं काही मला वाटत नाही." पोरं खो खो हसली. काकांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

रविवारी उपासना आटोपल्यावर थोरल्या पाळकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "काय हो, आमच्या सभेला देव येत नाही म्हणे?" ते हसत होते. कुठे पाणी मुरतंय ते आता त्याला लख्ख दिसलं.

पुढच्या शुक्रवारी त्याने काकांना दारातच गाठलं. आवाज अगदी लोण्यासारखा ठेवला. "काका, राग मानू नका. हा गट तरुणांचा आहे. तुमच्या वयाच्या मंडळींसाठी बुधवारी प्रार्थना असते, तिथे तुम्हाला सोबतही मिळेल. इथे मुलांना थोडं अवघडल्यासारखं होतं." शेवटचं वाक्य धादांत खोटं होतं. काकांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलले, मग थांबले. ते आत गेले, कुणीतरी त्यांच्यासाठी आधीच उघडून ठेवलेली खुर्ची त्यांनी मिटली, भिंतीला टेकवली आणि निघून गेले. त्या संध्याकाळी उतारा तीनदा वाचून झाला. पाळकाला वाटलं होतं, आता जीव मोकळा होईल. तो काही झाला नाही, पण त्याने तो दोष दमट हवेवर ढकलला.

दोनच दिवसांनी, रविवारी, कमिटीच्या खजिनदारबाईंनी त्याला जिन्यात अडवलं. त्याला कायम करायचं एकमताने ठरलं होतं.

"आणि तुमचा तो विनोद," बाई म्हणाल्या. "सभा सुरू होण्याआधी अध्यक्षांनी मुद्दाम एक रिकामी खुर्ची मांडली. म्हणाले, आला तर बसेल. आम्ही किती हसलो."

"तुम्हाला तो कुणी सांगितला?"

"कुणी म्हणजे? आमच्या लेकीने. शुक्रवारी घरी आली की जेवताना तुमचंच पुराण लावते. दादा असं म्हणाले, दादा तसं म्हणाले. मीच मग थोरल्या पाळकांच्या कानावर घातलं. ही मुलगी वर्षभर घरात कुणाशी धड बोलत नव्हती हो."

पाळकाने आभार मानले. नोकरी पक्की झाली होती आणि तोंड कडू झालं होतं.

मंगळवारी चर्चच्या ऑफिसात एक बाई आल्या. मी त्यांची बहीण, म्हणाल्या. कुणाची, ते त्याला विचारावं लागलं नाही. चेहरा तोच होता. त्या तक्रार करायला आल्या नव्हत्या, हेच त्याला जास्त लागलं. त्यांनी पर्समधून फोन काढून टेबलावर ठेवला.

"तरुणांचा गट आहे म्हणालात, ते गटातल्या एका मुलाकडून कळलं. बरोबर आहे तुमचं. एवढंच विचारायला आले, दर आठवड्याचा उतारा यात बोलून द्याल का? हळू वाचायचा. आणि तीनदा. मी वाचून दाखवते, पण माझी आपली गाडी पळते."

मग थोडं थोडं करून सगळं बाहेर आलं. भाऊ जन्मभर छापखान्यात प्रुफं तपासायचा. दीड वर्षापूर्वी डोक्यात रक्ताची गाठ झाली. हातपाय वाचले, अक्षर गेलं. पान समोर धरलं तर काळ्या मुंग्या दिसतात. बोलायला जावं तर शब्द आत असतो, ओठांपर्यंत येत नाही. कानाने ऐकलेलंही एका फटक्यात आत जात नाही, पण तीनदा, मध्ये शांतता ठेवून ऐकलं तर राहतं. बसची पाटी वाचता येत नाही, म्हणून शेजारी राहणारे अध्यक्ष त्याला शुक्रवारी गाडीतून सोडायचे.

"शुक्रवारी घरी आला की तो दिवस त्याचा असायचा," बहीण म्हणाली.

पाळकाने फोन त्यांच्याकडे परत सरकवला. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की मान वर करवेना. "मीच येतो," तो म्हणाला. "आजच येतो."

दुपारी तो गेला. खोली लहान होती, स्वच्छ होती आणि एका भिंतीला छतापर्यंत पुस्तकं होती. पण एकाही पुस्तकाचं नाव दिसत नव्हतं. सगळ्यांच्या पाठी भिंतीकडे केलेल्या, आणि बाहेर नुसत्या पानांच्या पांढऱ्या कडा. "त्यानेच फिरवली," बहीण हळूच म्हणाली.

काका खिडकीशी बसले होते. पाळक त्यांच्यासमोर बसला आणि वाटेत जुळवलेली सगळी वाक्यं विसरला.

"काका, मी तुम्हाला कमिटीचा हेर समजलो," तो म्हणाला. "म्हणून घालवलं. मुलांना काहीच अवघडल्यासारखं होत नव्हतं."

काका क्षणभर पाहत राहिले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. ते हसत होते, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. पाळकाच्या जिवात जीव आला.

"मग शुक्रवारी याल?"

हसू थांबलं. "नाही," काका म्हणाले. अगदी स्वच्छ.

"तेवढा एक शब्द त्याला बरोबर सापडतो," बहीण म्हणाली, आणि चहा ठेवायला उठली. पण काकांनी तिला हाताने बसवलं आणि पाळकाच्या पिशवीकडे बोट दाखवलं.

त्याने शास्त्र काढलं. द्राक्षमळ्यात दिवस मावळताना आलेल्या मजुरांचा उतारा होता, ज्यांना सकाळपासून राबणाऱ्यांइतकंच दिलं गेलं. त्याने एकदा वाचला. दुसऱ्यांदा वाचला. तिसऱ्यांदा वाचून तो थांबला. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी सुरू करत होतं, ती होत नव्हती.

"संध्याकाळ," बहिणीने आपला शब्द सांगितला.

मग काकांची पाळी. ओठ हलले. गटात या ठिकाणी पाळक लगेच पुढच्याकडे वळायचा. आज त्याने वाट पाहिली. काकांच्या गळ्याची शीर ताणली गेली, ओठांवर एक अक्षर आलं आणि तिथेच विरलं. त्यांनी डोळे उघडले आणि रीतीप्रमाणे हात शेजाऱ्याकडे केला.

शेजारी पाळकच होता.

वाचणाऱ्याची पाळी येत नाही, हे त्याला सांगता आलं असतं. एखादा चांगला शब्दही सांगता आला असता, तसे शब्द त्याच्या जिभेवरच असायचे. पण तीनही वेळा वाचताना तो काकांचा चेहरा वाचत होता, राग गेला की नाही ते बघत होता. उताऱ्यातलं एक अक्षर त्याच्या आत गेलं नव्हतं. आणि आजचंच नाही, हेही त्याला तिथे बसल्या बसल्या कळलं. कोपऱ्यावर डोळा ठेवून वाचलेले ते सगळे उतारे इतरांच्या पदरात पडले होते. काका घाई न करता वाट पाहत होते. शेवटी पाळकाने हात उचलला आणि बहिणीकडे केला.

काकांनी मान हलवली. चालेल, असं म्हटल्यासारखी. मग पुढे वाकून त्यांनी पाळकाच्या मांडीवरचं मिटत आलेलं शास्त्र बोटाने पुन्हा उघडलं, मागे टेकले आणि मान ताठ ठेवून डोळे मिटले.

पाळकाने उतारा चौथ्यांदा वाचायला घेतला. या वेळी त्याने वर पाहिलं नाही.