सहा जणांचा विरोध

विद्यापरिषदेची बैठक संपली त्याच दिवशी शैला ओव्हाळांनी इतिवृत्त लिहून कुलसचिवांकडे पाठवलं. सभा विभागात बारा वर्षं त्यांचं हेच काम होतं. कोण काय बोललं, काय ठरलं, ते नोंदवायचं. या वेळी बहिःस्थ बी.ए. बंद करायचं ठरलं होतं. प्राध्यापक अभय ढमढेरे तावातावाने विरोधात बोलले होते, सहा हात वर झाले होते. शैलाताई स्वतः टायपिस्टची नोकरी करत बहिःस्थ शिकलेल्या. ढमढेऱ्यांचं प्रत्येक वाक्य त्यांनी मनापासून टिपलं होतं.

दुसऱ्या दिवशी कुलसचिवांनी बोलावलं. कागदावर लाल रेघ होती.

"ओव्हाळ मॅडम, 'एकमताने मंजूर' असं करा."

"सर, सहा जण विरोधात होते."

"इतिवृत्तात घडलेलं लिहीत नाहीत हो, ठरलेलं लिहितात. बारा वर्षांत एवढं कळलं नाही?"

"कळलं. पण यावर माझी सही होणार नाही."

आठवड्यात बदलीचा आदेश आला. जुन्या उत्तरपत्रिकांचं गोदाम. हडपसरहून दोन बस बदलून जायचं, दिवसभर धूळ खायची आणि रद्दीत जाणारे गठ्ठे तपासायचे. शैलाताईंनी ढमढेऱ्यांना फोन लावला.

"सर, पुढच्या बैठकीत इतिवृत्त कायम करायला येईल. तेव्हा तुम्ही आक्षेप घ्या. नाहीतर तेच खरं ठरेल."

"अहो, म्हणजे काय! घेणारच. तुम्ही एवढं सोसलंत आमच्यासाठी."

बैठकीच्या दिवशी त्यांना डबा गोड लागला नाही. चारच्या सुमाराला पायल आली. त्यांच्या जागी बसवलेली नवी मुलगी. हातात मिठाईचा खोका.

"झालं का इतिवृत्त कायम?"

"अर्ध्या मिनिटात, मॅडम."

"आणि ढमढेरे सर? आले नव्हते?"

"होते की. प्रभारी अधिष्ठाता झालेत ना परवा! कुलगुरूंच्या शेजारीच बसले होते. हे पेढे त्यांचेच. तुम्हाला आठवणीने द्यायला सांगितलेत."

पायलला बिचारीला काहीच ठाऊक नव्हतं. तिच्यावर काय चिडायचं? शैलाताईंनी एक पेढा उचलला, तिच्यासमोर सावकाश खाल्ला.

"सरांना सांग, पोचले."

ती गेल्यावर त्यांनी नळावर जाऊन खळखळून चूळ भरली. मग पुन्हा एकदा भरली.