तहकूब सभेचा अर्धा तास

"कोरम नाही. सभा अर्धा तास तहकूब," अध्यक्ष देवदत्त घड्याळाकडे न बघताच म्हणाले. "तोवर वडे घ्या."

मुलुंडच्या त्या रुग्णसेवा मंडळाची वार्षिक सभा दरवर्षी अशीच तहकूब व्हायची. अर्ध्या तासाने त्याच जागी पुन्हा भरणाऱ्या सभेला कोरमची अट नाही, हे नोटिशीतच छापलेलं असे. मग वेळेवर येण्याचा शहाणपणा कोण करणार? जे येत तेही वडा खाऊन, अहवाल पिशवीत टाकून घरची वाट धरत.

सीताराम टपाल खात्यातून निवृत्त झाल्यापासून, म्हणजे सोळा वर्षं, मंडळाचं इतिवृत्त लिहीत होते. आज मात्र त्यांनी वडा बाजूला ठेवून अहवाल उघडला. अहवालाच्या अकराव्या पानावर एक ओळ होती: रुग्णवाहिका निधीतले चार लाख बारा हजार इमारत दुरुस्तीसाठी वापरले. दुरुस्ती म्हणजे या सभागृहाचा नवा एसी आणि छत.

त्यातले अकरा हजार शकुबाईंचे होते. त्या सीतारामांच्या इमारतीत पोळ्या करायच्या. त्यांचा नवरा दवाखान्याच्या वाटेवर रिक्षातच गेला, त्यानंतर त्यांच्याकडे गाडीसाठी निधी मागायला गेले होते ते सीतारामच. "गाडी येणार, शकुबाई. माझा शब्द," असंही वर म्हणाले होते. आज त्या मागच्या खुर्चीवर पदर लपेटून बसल्या होत्या, गाडीचं काय झालं ते ऐकायला.

सीतारामांनी देवदत्तांना गाठलं. "मला पान अकरावर बोलायचंय."

"बोला की, सीतारामभाऊ! आपण लपवलंय कुठे? सगळं छापलंय."

अर्ध्या तासाने नऊ डोकी उरली. "अहवाल सर्वांनी वाचला आहे असं समजून..." देवदत्तांचं वाक्य पुरं व्हायच्या आत दोघं-तिघं "मंजूर!" म्हणाले.

सीताराम उभे राहिले. त्यांनी ती ओळ मोठ्याने वाचली. "हे पैसे आपण गाडीसाठी मागितले होते. लोकांना आता काय सांगायचं?"

"एसी पण पायजेच होता ना, यार," मोबाइलमधून डोकं वर न काढता कुणीतरी म्हणालं.

"हरकत नोंदवून घ्या," देवदत्त शांतपणे म्हणाले. "पुढचा विषय."

नोंदवणार कोण? सीतारामच. स्वतःची हरकत त्यांनी स्वतःच्याच सुवाच्य अक्षरात उतरवली. त्याखाली सवयीने 'सर्वानुमते मंजूर' लिहून गेले. ते खोडून 'बहुमताने' केलं. एवढंच त्यांच्या हातात होतं, आणि त्या एवढ्याची त्यांना फार लाज वाटली.

लोक पांगल्यावर शकुबाई पुढे आल्या. त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून पावती काढली. तिच्यावर सीतारामांची सही होती.

"काका, मग ही पावती आता कशाची?"

शकुबाई थंडीने अंग चोरून उभ्या होत्या. "थांबा, आधी एसी बंद करतो," म्हणत सीताराम रिमोट शोधू लागले.

"ऱ्हाऊ द्या, काका." शकुबाई खुर्ची ओढून बसल्या. "माझ्याच पैशाचा हाय ना? बसते घटकाभर."